तडे कुटं गेली?

गुरुजींचं पोस्टकार्ड मला मिळालं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकलो त्या साहेबांनी एकदा तोंडावर विचारलं होतं, "त्यांनी तुला काही विचारलं होतं का?" मी "नाही" म्हणालो. नंतर कुणी विचारलं नाही आणि आपणहून सांगावंसं मला वाटलं नाही. खरं म्हणजे वाटलं, पण सांगितलं नाही. आता साहेब नाहीत, गुरुजीही नाहीत. पोस्टकार्ड आहे. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या माझ्या जुन्या प्रतीत, एक्केचाळिसाव्या कलमाच्या पानात ठेवलेलं आहे. ते तिथंच का ठेवलं हे पुढं येईल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. फौजदारीचा नवा कायदा नुकताच लागू झाला होता आणि मीही नुकतीच सनद घेऊन सोलापुरात साहेबांच्या ऑफिसात बसायला लागलो होतो. माझ्या आईचं माहेर अक्कलकोटकडचं. घरात चुलीपाशी कन्नड आणि ओसरीवर मराठी, अशी आमची वाटणी होती. त्यामुळे दक्षिणेकडच्या गावांतून कानडी बोलणारा पक्षकार आला की साहेब हाक मारायचे, "अरे, इकडं ये. तुझ्या मामाकडचे आलेत." तसेच गुरुजी आले.

दक्षिण सोलापुरातल्या एका गावात ते प्राथमिक शाळेचे शिक्षक होते. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि खिशात खडूचा तुकडा. रिटायर व्हायला वर्षाहून थोडं कमी राहिलं होतं. त्यांचं आणि चुलतभावाचं घर एकमेकांना लागून, मधल्या अंगणात दोघांच्या बापांनी मिळून खणलेला आड. दुष्काळाच्या उन्हाळ्यात चुलतभावानं त्या आडावर फळ्या टाकल्या आणि कुलूप लावलं. गुरुजींनी आठ दिवस वाट बघितली. नवव्या दिवशी सकाळी बायकोच्या देखत दगडानं कुलूप तोडलं आणि दोन घागरी पाणी काढलं. चुलतभाऊ सोलापूरला येऊन फिर्याद देऊन गेला: माझ्या अंगणात घुसले, माझ्या मालाचं नुकसान केलं. कोर्टानं समन्स काढलं. गुरुजी हजर झाले, जातमुचलक्यावर सुटले आणि आमच्याकडे आले.

"मला केसची भीती नाही हो," ते म्हणाले. "कुलूप मी तोडलंय, नाही कशाला म्हणू? पण एक बघा. आम्हा मास्तरांचा नियम आहे. काही का असेना, अठ्ठेचाळीस तासांच्या वर आत राहिलो की आपोआप सस्पेंड. कुणी हुकूम काढायची सुद्धा गरज नाही. छत्तीस वर्षांचं सर्व्हिस बुक आहे. त्यात लाल शाईचा एक शेरा नाही. ते तसंच बंद व्हावं, एवढंच."

साहेब म्हणाले, "जामिनाचा गुन्हा आहे, गुरुजी. तारखेला येत राहा, कुणी आत टाकत नाही."

"तारखेला यायचं म्हणजे शाळा बुडते की. आणि पोरं विचारतात, गुरुजी कोर्टात का जातात. ही केसच थांबवता येत नाही का?"

थांबवता येते का, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात बसला. दुसऱ्या दिवशी साहेबांना मी माझी युक्ती सांगितली. आडाच्या हक्कासाठी आपण दिवाणी दावा लावणारच आहोत. त्यात तातडीच्या मनाईचा अर्ज देणारच. त्यालाच आम्ही निशाणी पाच म्हणतो, कारण दाव्याच्या कागदांत त्याचा नंबर नेहमी पाचवा असतो. त्या अर्जात दोन मागण्या घालू. पहिली, चुलतभावानं पाणी काढायला अडवू नये. दुसरी, दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्यानं फौजदारी फिर्याद चालवू नये.

साहेब पान लावत होते. "दिवाणी कोर्ट फौजदारी कोर्टाला थांबवणार?"

"कोर्टाला नाही, साहेब. माणसाला. आपण फक्त फिर्यादीला मनाई मागतोय."

"एक्केचाळीस काढ. डी वाच."

मी वाचलं. कोणत्याही माणसाला फौजदारी कामकाज सुरू करण्यापासून किंवा चालवण्यापासून रोखणारी मनाई देता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. साहेबांनी पानाची घडी घातली. "कायदा करणाऱ्यांच्या घरात तुझ्यासारखा एखादा भाचा असणार. माणसाला म्हटलं तरी नाही, कोर्टाला म्हटलं तरी नाही. थांबवायचीच असेल तर मुंबईला जावं लागेल, हायकोर्टात. तिथं पटवायचं की फिर्यादीतला शब्दन् शब्द खरा धरला तरी गुन्हा होत नाही, किंवा भांडण पाण्याचं आहे आणि फौजदारी कोर्ट नुसतं त्रास द्यायला वापरलंय. आपल्या आडावर हक्क आहे असं प्रामाणिकपणे समजून माणसानं कुलूप तोडलं, हे त्यांना पटू शकतं. पण ते तिथं. इथं नाही."

"तरी मागणी घालून बघू?"

"घाल. कोर्ट काढून टाकेल, तू शिकशील. पण गुरुजींना सांग, ही गंमत आहे म्हणून."

मी सांगितलं नाही. उलट गुरुजींनी स्वतः विचारलं, "मुंबईला जायचं का? माझा एक विद्यार्थी तिकडं असतो, सोय होईल." मी म्हणालो, "कशाला? इथंच थांबवू." बार रूममध्ये माझ्या वयाच्या दोघातिघांना मी ही दुसरी मागणी वाचून दाखवली होती. एक जण म्हणाला होता, "मिळाली तर आम्हाला चहा पाजायचा, नाही मिळाली तर तू आमच्याकडं शिकायला ये." त्या हसण्याचा मला राग आला होता. कारण एवढंच. याहून मोठं कारण मी बरीच वर्षं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

निशाणी पाचवर सुनावणी झाली. साहेबांनी पहिल्या मागणीवर युक्तिवाद केला, दुसऱ्या मागणीच्या वेळी मला उभं केलं. न्यायाधीशांनी माझी चार वाक्यं ऐकली आणि विचारलं, "एक्केचाळीस डी वाचलंय?" मी हो म्हणालो. "मग?" मी चौथं वाक्य परत म्हणालो. त्यांनी तिथंच हुकूम सांगितला: मागणी अ मंजूर, मागणी ब नामंजूर. साहेब दुसऱ्या कोर्टात गेले आणि मी कागद गोळा करून बाहेर आलो.

व्हरांड्यात गुरुजी उभे होते. त्यांच्या मागं बार रूममधल्या त्या हसणाऱ्यांपैकी दोघं. गुरुजींनी कानडीत विचारलं, "एनातु?" काय झालं?

कानडीत मनाईला तडे म्हणतात. स्थगितीलाही तडेच म्हणतात. अडवणं, थांबवणं, सगळं त्या एका शब्दात येतं. मराठीत मला निदान मनाई म्हणावं लागलं असतं आणि कशाला मनाई, हा पुढचा शब्द जोडावा लागला असता.

मी म्हणालो, "तडे सिक्तु, गुरुजी." तडे मिळाली.

ते हसले नाहीत. मास्तर होते, उत्तर तपासून घ्यायची सवय. त्यांनी परत विचारलं, "फौजदारिगू?" फौजदारीला पण?

त्या दोघांना कानडी येत नव्हतं. पण ते बघत होते. मी म्हणालो, "तडे अंद्र तडे." तडे म्हणजे तडे.

गुरुजींनी टोपी काढून कपाळाला लावली, परत घातली. हुकुमाची नक्कल मी आठ दिवसांनी त्यांच्या हातात दिली. ती इंग्रजीत होती. गुरुजी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, झालेले, इंग्रजीत त्यांना सही करता येत होती. ती नक्कल त्यांनी घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

त्यानंतर मी जे केलं ते मला त्या वेळी फार हुशारीचं वाटलं. फौजदारीच्या तारखेला गुरुजी येणार नाहीत हे मला माहीत होतं. म्हणून मी त्यांच्या वतीनं गैरहजेरीच्या माफीचा अर्ज दिला. मंजूर झाला. पुढच्या तारखेला पुन्हा दिला. मनात असं होतं की साक्षी सुरू व्हायला वर्ष जाईल, तोवर गुरुजी रिटायर होतील, दिवाणी दावाही निकाली निघेल आणि खालच्या मजल्यावरच्या फौजदारी कोर्टात आपल्या नावाची फिर्याद चालूच होती हे त्यांना कधी कळणारही नाही. दिवाणी कोर्टानं जी तडे दिली नव्हती ती मीच माझ्या अर्जांनी देत होतो, असा तो हिशेब.

तिसऱ्या अर्जाला मॅजिस्ट्रेटनी वर बघितलं. "वकीलसाहेब, आरोपी तोंड दाखवणारच नाहीत का? पुढच्या तारखेला जातीनं हजर ठेवा." चुलतभाऊ मागच्या बाकावर बसला होता. तोही तारखेला यायचा, एकही चुकवायचा नाही.

त्याच आठवड्यात पोस्टकार्ड आलं. शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं सुबक मराठी अक्षर.

"सा. न. वि. वि. गावात चुलतबंधू बोलतात की फौजदारी सुरूच आहे, मला बोलावणे आहे. आपण तडे आणली असे मी सर्वांस सांगितले आहे. यावयाचे असल्यास कृपया दोन ओळी कळवाव्यात, म्हणजे रजा टाकेन. न कळविल्यास तडे आहे असे समजतो. आडाचे पाणी गोड लागते. कळावे."

उत्तर मी दोनदा लिहिलं. पहिल्यात सगळं खरं लिहिलं होतं, ते फाडलं. दुसऱ्यात फक्त "तारखेला यावे" एवढंच होतं. पण मग का यावे हे विचारलं तर? तेही फाडलं. रविवारी बसनं जाऊन समक्ष सांगू असं ठरवलं. रविवार गेला.

तारखेला गुरुजींचं नाव तीनदा पुकारलं. मी उभा राहून आरोपी आजारी असल्याचा अर्ज दिला. डॉक्टरचा दाखला मागितला, तो नव्हता. अर्ज फेटाळला आणि बिगरजामिनाचं वॉरंट निघालं. हे मंगळवारी. त्याच संध्याकाळी गावची बस पकडायला हवी होती. मी स्वतःला समजावलं की आपल्याकडं समन्स पोचायला महिना लागतो, वॉरंटला पंधरा दिवस तरी लागतील, तोवर रद्द करून घेऊ. चुलतभाऊ वॉरंट पोलिसाबरोबर हातोहात घेऊन जाईल हे मला सुचायला पाहिजे होतं. असले चुलतभाऊ मी रोज बघत होतो.

शनिवारी सकाळची शाळा होती. पुढचं मला गुरुजींनीच सांगितलं, तेही हसत हसत. साडेअकराला पोलीस शाळेत आला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. दाराबाहेर चप्पल काढून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, चला की. वॉरंट हाय."

"वॉरंट कसलं? मला तडे आहे."

"आसंल की. मग कागूद दावा, मी वाचून परत जातो."

गुरुजींनी आतल्या खिशातून नक्कल काढून दिली. त्यानं उलटसुलट केली. "ह्ये इंग्रजी हाय. फौजदारसायबाला दावू."

ठाण्यात फौजदारांनी ती नक्कल खालीवर वाचली, परत वाचली, आणि गुरुजींना खुर्ची दिली. म्हणाले, "गुरुजी, ही मनाई आडाला आहे. तुम्हाला नाही."

गुरुजींना हे वाक्य फार आवडलं होतं. मला सांगताना ते दोनदा म्हणून दाखवलं.

रविवारी सकाळी त्यांना सुटीच्या दिवशीच्या मॅजिस्ट्रेटपुढं नेलं. त्यांनी सांगितलं, वॉरंट ज्या कोर्टाचं त्याच कोर्टापुढं उद्या हजर करा. मला हे सगळं दुपारी कळलं, गुरुजींच्या बायको घर शोधत आल्या तेव्हा. उंच, सावळ्या, हातात भाकरीचं फडकं. त्या आमच्या दारातच उभ्या राहिल्या. आई कानडीत "या, बसा" म्हणाली, तर बसल्या नाहीत. मला मराठीतच म्हणाल्या, मुद्दाम असावं.

"वकीलसाहेब, तुमी तडे आणली म्हनला हुता की नाई? मग तडे कुटं गेली?"

मी म्हणालो, "गैरसमज झाला."

"कुनाचा?"

मी म्हणालो, "मी उद्या सोडवतो त्यांना. पहिल्यांदा तेच काम."

भाकरीचं फडकं सावरून त्या गेल्या.

त्या दुपारी मी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज लिहिला. साहेब एका केससाठी बार्शीला गेले होते, मंगळवारी यायचे होते. अर्जात कारण द्यावं लागतं, आरोपी का हजर राहिला नाही ते. मी लिहिलं: "अर्जदाराच्या वकिलांनी चुकीची माहिती दिल्यामुळे." सोमवारी दहाला तो कागद टायपिस्टकडं दिला. कोर्ट अकराला बसायचं. तातडीचे अर्ज पहिल्या अर्ध्या तासात ऐकायचे. गुरुजींचे अठ्ठेचाळीस तास साडेअकराला भरत होते. हे सगळं मला तोंडपाठ होतं.

टायपिस्टनं कागद मशीनला लावला. मी म्हणालो, "थांबा, एक दुरुस्ती आहे," आणि कागद परत घेतला.

बाकावर बसून मी ते वाक्य लिहिलं, खोडलं, लिहिलं. "वकिलांनी" हा शब्द काढला. मग वाक्य लंगडं झालं. मग "भाषेच्या अडचणीमुळे" घातलं. मग "दिवाणी हुकुमाबाबत झालेल्या स्वतःच्या गैरसमजामुळे" असं केलं. एवढं होईपर्यंत टायपिस्ट दुसऱ्याच्या कामाला लागला होता. कागद टाइप होऊन हातात आला तेव्हा साडेअकरा होत आले होते. कोठडीच्या गजांतून गुरुजींनी त्यावर सही केली. त्यांनी वाचून बघितलं. मराठीत होतं, सगळं कळत होतं. "स्वतःच्या"वर बोट ठेवून ते थांबले.

"असंच लिहायचं असतं का?" त्यांनी विचारलं.

"असंच असतं, गुरुजी. कोर्ट लवकर सोडतं."

"मग बरोबर. माझं कानडी गावठी, तुमचं शहरातलं. माझीच ऐकण्यात चूक झाली असणार." आणि सही केली.

तातडीचे अर्ज संपले होते. शिरस्तेदार म्हणाले, "आता जेवणानंतर." गुरुजी सव्वाचारला सुटले. अर्ज पहिल्याच शब्दांत टाइप झाला असता तर अकराच्या बोर्डावर लागला असता आणि ते साडेअकराच्या आत बाहेर आले असते. सुटले असतेच, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण लागला असता.

मंगळवारी साहेब आले. त्यांनी अर्जाची प्रत वाचली, चष्मा काढला आणि तो प्रश्न विचारला, त्यांनी तुला काही विचारलं होतं का. पुढं काय झालं ते लिहिलंच आहे.

पंधरा दिवसांनी गुरुजींच्या सस्पेन्शनचं पत्र आलं. ते निलंबित असतानाच निवृत्त झाले. गावात मास्तर रिटायर होतो तेव्हा शाळेत शाल-नारळ देतात, पोरं रडतात, सरपंच लांबलचक बोलतो. निलंबित मास्तरला ते करता येत नाही, शाळेत पाऊल ठेवता येत नाही. त्या दिवशी ते घरीच होते. पुढं चुलतभावाला कंटाळा आला, फिर्याद टिकली नाही, गुरुजी निर्दोष सुटले. दावाही जिंकले. सर्व्हिस बुकातला तो शेरा नंतर दुसऱ्या शेऱ्यानं मिटवला गेला, पण मिटवण्याचा शेराही लाल शाईतच असतो.

निकालानंतर त्यांनी मला गावी बोलावलं. अंगणात बाज टाकली होती. गुरुजींनी स्वतः पोहरा सोडला, पाणी काढलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. "घ्या, वकीलसाहेब. तुमच्या मनाईचं पाणी." मी प्यायलो. गोड होतं. त्यांच्या बायको उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. गुरुजी मला बसपर्यंत पोचवायला आले आणि वाटेत म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका. चूक माझी होती." मी म्हणालो, "तसं काही नाही, गुरुजी."

त्यानंतर मी वीसेक वर्षं वकिली केली. हुकुमानंतर पक्षकाराला काय मिळालं आणि काय नाही मिळालं, दोन्ही सांगायची सवय लावून घेतली. लोक म्हणतात, वकील स्पष्टवक्ता आहे.

गुरुजी काही वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या बायको त्याच घरात राहतात, आडही तसाच आहे असं ऐकतो. दारात उभ्या राहून त्यांनी मला दोन प्रश्न विचारले होते. दोन्हींची उत्तरं मी त्यांना देणं लागतो. तडे कुठंच गेली नाही, फौजदारीला ती मिळालीच नव्हती, आणि हे व्हरांड्यात उभं राहून सांगताना मला माहीत होतं. गैरसमज कुणाचाच नव्हता. गुरुजींनी बरोबर ऐकलं होतं, मी खोटं सांगितलं होतं.